पायाला बांधलेली चिठ्ठी

दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या घरी डबे उतरवण्याचा एक मोठा सोहळा असतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, घासूनपुसून उन्हात पालथे पडतात, आणि मग त्यांच्यावर नव्या चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम घरातल्या धाकट्या मुलांकडे सोपवले जाते. ‘भाजणी’, ‘अनारशाचे पीठ’, ‘पिठीसाखर’, ‘खाण्याचा सोडा’. अक्षर वेडेवाकडे, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही; पण त्या अक्षरावर पुढे वर्षभर सारे घर विश्वास टाकते. पिठीसाखर काय, सोडा काय, दुरून सारखेच पांढरे. करंज्यांचे सारण करणारी गृहिणी दर वेळी जिभेवर घेऊन पाहत बसत नाही. ती चिठ्ठी वाचते आणि ओतते.

माणसाचे बरेचसे जग अशाच चिठ्ठ्यांवर चालते असे मला वाटते. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी असते, बियाण्याच्या पिशवीवर असते, आगगाडीच्या डब्यावर असते. जमिनीचा सातबारा ही तरी दुसरे काय, जमिनीला लावलेली चिठ्ठीच. ती लिहिणारा वाचणाऱ्यासमोर बहुधा नसतो. पुष्कळदा तो हयातही नसतो. आणि म्हणून एक प्रश्न मनात येतो. आपण लिहितो ते कोणी पडताळून पाहणार नाही, खोटे लिहिले तर शिक्षा नाही आणि खरे लिहिले तर शाबासकी नाही, अशा ठिकाणी खरे लिहिण्याचे बंधन माणसावर नेमके कोणते? पापपुण्याचा हिशेब मानणाऱ्यांजवळ याचे उत्तर तयार असते. चित्रगुप्ताच्या वहीत सगळे उतरते, असे ते म्हणतील. पण ज्याला चित्रगुप्ताच्या वहीचा आधार घ्यावयाचा नाही, त्याने काय म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर मला एका घुबडाच्या गोष्टीत सापडल्यासारखे वाटते. सणासुदीच्या अंकात घुबड कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु लक्ष्मीचे वाहन घुबडच असे सांगणारेही आहेत. तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत त्याची आठवण काढायला हरकत नसावी.

गोष्टीचा आरंभ एका साहेबापासून करावा लागतो. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असते. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, आणि ते भरवण्यासाठी ज्यांनी सर्वांत अधिक खटपट केली तेच हे ह्यूमसाहेब. अधिवेशन आधी पुण्यात व्हावयाचे होते. तिथे पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईस हलवले. इतके आपल्याला ठाऊक असते. परीक्षेत गुण मिळवण्यापुरते ते पुरतेही. पण त्या माणसाचे दुसरे एक आयुष्य होते, आणि ते पाखरांत गेले.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. १८४९ मध्ये ते हिंदुस्थानात सनदी नोकरीत आले. इटाव्यात असताना १८५७ चा वणवा त्यांनी पाहिला. पुढे १८६७ पासून काही वर्षे ते जकात खात्याचे आयुक्त होते. त्या काळी मिठावरची जकात चुकू नये म्हणून सरकारने हजारो मैल लांबीची एक सीमारेषा आखली होती आणि तिच्यावर बाभळी-बोरींचे काटेरी कुंपण वाढवले होते. गरिबाच्या भाकरीतल्या मिठावर पहारा ठेवणारे ते कुंपण तपासत ह्यूमसाहेब हिंडत, आणि हिंडता हिंडता त्या कुंपणावर व त्याच्या पलीकडे बसणारी पाखरे गोळा करीत. एकाच माणसाच्या एका हातात जकातीची वही आणि दुसऱ्या हातात पाखराचे पीस! राणी व्हिक्टोरियाच्या काळातील साहेब लोकांत अशी जोडी नवलाची नव्हती. कोणी फुलपाखरे जमवी, कोणी साप, कोणी शिंपले. मुंबईतही १८८३ मध्ये अशा आठ हौशी मंडळींनी एकत्र येऊन निसर्ग-इतिहासाची संस्था काढली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही आपली दोन माणसे होती, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

ह्यूम यांची हौस मात्र हौसेच्या मर्यादेत राहिली नाही. सिमल्यात जाखू टेकडीवरील आपल्या ‘रॉथनी कॅसल’ या बंगल्यात त्यांनी एक संग्रहालयच उभारले. त्यांना कोणत्याही संग्रहालयाचा पगार नव्हता, तरी कोणत्याही पगारी प्राणिशास्त्रज्ञाने हेवा करावा असे ते काम होते. देशभर त्यांना पाखरे पाठवणारे लोक होते: जंगल खात्याचे अधिकारी, कलेक्टर, डॉक्टर, लष्करातले कॅप्टन. १८७२ च्या सुमारास त्यांनी पाखरांसाठी स्वतःचे नियतकालिक सुरू केले. १८७४ मध्ये नमुने कसे गोळा करावे, कसे टिकवावे आणि बांधून कसे पाठवावे याची एक पुस्तिका काढली.

संग्रहालयातला पक्षी म्हणजे काय असतो, हे थोडे सांगितले पाहिजे. काचेच्या कपाटात फांदीवर बसवलेला, मणी लावून डोळे केलेला पक्षी आपण पाहतो. तो पाहणाऱ्यांसाठी असतो. अभ्यासाचा पक्षी लाकडी खणात उताणा निजलेला असतो. पोटाकडून चिरून कातडे सोलतात, आतून सोमल लावतात म्हणजे कीड लागत नाही, कापूस भरतात, शिवतात, पंख अंगाशी मिटवतात. असे एकाच जातीचे वीस-पंचवीस पक्षी ओळीने ठेवले म्हणजे नर कसा, मादी कशी, पिल्लू कसे, उन्हाळ्यात रंग कोणता, दक्षिणेकडचा उत्तरेकडच्याहून केवढा, हे कळू लागते. आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. कोठे मिळाला, कोणत्या तारखेस, नर की मादी, कोणी मिळवला. सावध माणूस डोळ्यांचा आणि पायांचा रंगही त्यावर लिहितो, कारण जीव गेल्यावर ते रंग टिकत नाहीत.

पक्षी किती सुंदर भरला आहे याला नंतर फारशी किंमत उरत नाही. किंमत असते त्या चिठ्ठीला. चिठ्ठी तुटली की शास्त्राच्या दृष्टीने तो पक्षी जवळजवळ मुका झाला. चिठ्ठी खोटी असेल तर तो मुका बरा म्हणण्याची पाळी येते.

ह्यूमसाहेबांनी हिंदुस्थानातल्या सर्व पाखरांवर एक मोठा ग्रंथ लिहावयाचे योजले होते. त्यासाठी वर्षानुवर्षे टिपणे जमवली होती. १८७९ मध्ये वरिष्ठांशी न पटल्यामुळे त्यांना सचिवपदावरून दूर केले गेले. १८८२ मध्ये ते नोकरीतून निवृत्त झाले. आता ग्रंथ होणार असे वाटत असताना, एकदा ते बाहेरगावाहून परतले तो हस्तलिखिताचा मोठा भाग नाहीसा झालेला. घरातल्या एका नोकराने तो रद्दीच्या भावाने बाजारात विकला होता. पंचवीस वर्षांची निरीक्षणे सिमल्याच्या बाजारात कोणत्या पुड्या बांधण्याच्या कामी आली असतील ते देवच जाणे! त्या नोकराला दोष द्यावा असेही मला वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ते शाईने खराब झालेले कागद होते, आणि त्या घरातल्या विद्येत त्याला वाटा देण्याचे कोणाच्या मनात कधी आलेले नव्हते.

मागोमाग सिमल्यात अतिवृष्टी झाली आणि संग्रहालयाचे नुकसान झाले. ह्यूम यांचे मन पाखरांतून उठले. त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयास देऊ केला. १८८५ च्या उन्हाळ्यात तिथल्या पक्षी-विभागाचे रिचर्ड बाउडलर शार्प हे स्वतः सिमल्यास आले आणि देवदाराच्या ४७ खोक्यांतून तो संग्रह घेऊन गेले. किडीने आधीच सुमारे २०,००० नमुने खाल्ले होते, तरी अंड्यांसह सुमारे ८२,००० नमुने उरले होते. उन्हाळ्यात पाखरे विलायतेस गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात साहेब मुंबईच्या अधिवेशनात बसले.

या ब्याऐंशी हजारांतला एक नमुना आपल्या गोष्टीचा नायक आहे.

सोनिवलीत आमच्या घरामागे बांधावर आंब्याचे एक जुने झाड आहे. भोवतालची भाताची खाचरे गेली, त्यांच्या जागी चार-चार, सात-सात मजले चढले, बदलापूर स्टेशनाकडे जाणाऱ्या रिक्षांची रांग दारापर्यंत आली. पण त्या आंब्याच्या ढोलीतले पिंगळ्यांचे जोडपे काही हटले नाही. दिवेलागणीला दोघे फांदीवर येऊन बसतात, मान वरखाली करून येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळतात आणि कचाकचा भांडतात. पिंगळा आपल्या ओळखीचा. भल्या पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या, भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. या पाखराची भाषा त्याला समजते अशी जुन्या लोकांची समजूत.

या पिंगळ्याचा एक भाऊबंद रानात राहतो. अंगाने किंचित मोठा, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर ठळक पट्टे, आणि भर दिवसा सागाच्या निष्पर्ण फांदीवर उन्हात बसणारा. त्याला रानपिंगळा म्हणतात. १८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर-बसना भागात ब्लेविट नावाच्या गृहस्थांनी असा एक पक्षी मिळवून ह्यूम यांच्याकडे धाडला. ह्यूम यांनी १८७३ मध्ये ही नवी जात असल्याचे जाहीर केले आणि तिला ब्लेविटचे नाव दिले. पुढे १८८० च्या दशकाच्या आरंभी जेम्स डेव्हिडसन या मुंबई इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्यांना खानदेशात शहादे-तळोद्याच्या बाजूस हा पक्षी मिळाला. त्यांनीही तो रीतीप्रमाणे भरला आणि पायाला चिठ्ठी बांधली. सगळे मिळून एकोणिसाव्या शतकातले सात नमुने जगातल्या संग्रहालयांत जमा झाले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कोणाच्या हाती लागला नाही.

नाही म्हणावयास एक नमुना आणखी होता. तो होता रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज कर्नलाच्या संग्रहात. तापीकाठच्या मांडवी गावी, गुजरातेत, १९१४ च्या ऑक्टोबरात आपण हा पक्षी मारला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले. माइनर्टझागेन हा काही सामान्य असामी नव्हे. लढायांत गाजलेला, पुस्तके लिहिणारा, पक्षितज्ज्ञ म्हणून मान्यता पावलेला. १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयास दिला. १९६७ मध्ये तो वारला तेव्हा शास्त्राच्या जगात त्याचे नाव मोठे होते. १९१९ मध्ये परवानगीवाचून नमुने नेल्याबद्दल त्याच संग्रहालयाने पक्ष्यांच्या दालनात त्याला दीड वर्ष मज्जाव केला होता, ही गोष्ट लोक विसरून गेले होते. मोठ्या माणसाच्या अशा गोष्टी विसरण्याची रीतच आहे.

मग रानपिंगळा कोठे शोधावा? शेवटची चिठ्ठी जिथले गाव सांगते तिथे, हे उघड आहे. शोध घेणाऱ्यांनी तिथे शोध घेतला. पक्षी दिसला नाही. वर्षांवर वर्षे गेली आणि ही जात जगातून नाहीशी झाली असावी असे जाणते लोक म्हणू लागले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतले जुने खण पुन्हा उघडले. माइनर्टझागेनच्या इतर काही नमुन्यांविषयी तोपर्यंत संशय निघू लागलाच होता. हा रानपिंगळा त्यांनी आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी बारकाईने पाहिला, क्ष-किरणांखाली धरला. जुनी शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. कापूस बदललेला होता. पण माणूस पक्षी भरतो त्यात त्याच्या हाताची एक लकब असते, जशी शिंप्याच्या टाक्यात असते. वरून कितीही डागडुजी केली तरी आतल्या लकबी पुसता येत नाहीत. त्या लकबी माइनर्टझागेनच्या नव्हत्या, त्या डेव्हिडसनच्या होत्या. खानदेशातला तो पक्षी संग्रहालयातून चोरून, त्याची खरी चिठ्ठी काढून टाकून, नवी खोटी चिठ्ठी बांधून पुन्हा संग्रहालयात आणून ठेवलेला होता. शेवटचा पुरावा म्हणून जो मानला जात होता, तो पुरावाच नव्हता.

मग उरल्या त्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे त्या चिठ्ठ्यांच्या मागोमाग निघाले. मांडवी त्यांनी वगळली. आधी पूर्वेकडे ब्लेविटच्या भागात गेले. तिथे काही दिसले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात, एका उघड्या फांदीवर, भर उन्हात रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. डेव्हिडसनच्या चिठ्ठीने सांगितले होते त्याच मुलखात.

ही हकीकत मी एकदा आमच्या एका शेजाऱ्यांना सांगितली. गृहस्थ मूळचे सोनिवलीचेच, भातशेतीच्या घरातले. जन्मभर रेल्वेत नोकरी केली, आता निवृत्त होऊन ओट्यावर बसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो, सगळे ठीक. पण त्या कर्नलाच्या खोट्याने बिघडले कोणाचे? घुबड काय, ते त्याच्या रानात होतेच की. कोणी येऊन पाहिले काय, न पाहिले काय. त्याने काही त्याच्या पोटाला कमी पडले नाही.”

आक्षेप साधा नाही. खोटेपणा वाईट का, तर त्याने कोणाला तरी इजा होते, असेच आपण मुलांना शिकवतो. जिथे इजा झालेला माणूस दाखवता येत नाही तिथे काय म्हणावयाचे?

पहिली गोष्ट अशी की, पोटाला कमी पडले नाही हे खरे नाही. ज्या जातीला जगाने मेलेली ठरवले, तिच्यासाठी कोणी रान राखत नाही. शहाद्याकडचे साग तोडले जात होते, त्या तोडीला ‘इथे रानपिंगळा राहतो’ असे म्हणून हरकत घ्यावयास कोणी नव्हते. जिवंताला मेलेला समजून त्याचे घर वाटून टाकावे, तसे ते झाले.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. खोटी चिठ्ठी एकटी राहत नाही, ती शेजारच्या खऱ्या चिठ्ठ्याही नासवते. माइनर्टझागेनच्या वीस हजार पक्ष्यांत पुष्कळ खरे असतील. त्याने खरोखर वाळवंटे तुडवली, डोंगर चढले, उन्हातान्हात खरोखर पक्षी मिळवले. पण आज त्याची कोणतीही चिठ्ठी वाचताना अभ्यासकाला थांबावे लागते. पिठीसाखरेच्या डब्यात एकदा सोडा निघाला, की त्या फळीवरचा प्रत्येक डबा उघडून चाखावा लागतो. आपल्या खऱ्या कष्टांवर त्याने आपल्याच हाताने पाणी ओतले. चोराने दुसऱ्याचे नेले असे आपण म्हणतो. इथे सर्वांत मोठी चोरी त्याच्या स्वतःच्या घरी झाली.

हे मी बोलत होतो तेव्हा शेजारी आमच्या आंब्याकडे पाहत होते. मग ते म्हणाले, “त्या बांधाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? जमिनीला भाव आला तेव्हा आमच्यात आणि पलीकडच्यांत वाद लागला. बांध आंब्याच्या अलीकडे की पलीकडे, मोजणीत काही मेळ बसेना. पलीकडच्यांजवळ कागद नव्हता. आमच्या पेटीत आजोबांची टिपणवही निघाली. त्यात त्यांच्या हाताने लिहिलेले, आंबा पलीकडच्यांचा, आपली हद्द त्याच्या आठ हात अलीकडे. ती वही मी एकट्याने पाहिली होती.”

“मग?” मी विचारले.

“मग काय? नेऊन दाखवली. आठ हात पट्टा गेला. आजच्या भावाने हिशेब केलात तर झोप यायची नाही. घरातली मंडळी वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हती.”

“का दाखवलीत?”

ते थोडे थांबले. “अक्षर आजोबांचे होते,” एवढेच म्हणाले, आणि पायातल्या चपला शोधू लागले.

त्यांच्या या तीन शब्दांत माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. आजोबांनी ती ओळ लिहिली तेव्हा ती कोणी वाचील असे त्यांना वाटले असेल का? सोनिवलीत जमिनीला कधी सोन्याचा भाव येईल, हे तर त्यांच्या स्वप्नातही नसेल. हद्द तशी होती म्हणून त्यांनी तशी लिहिली. डेव्हिडसनसाहेबांनी शहाद्याला शहादे लिहिले तेही असेच. शंभर वर्षांनी कोणी परदेशी बाई आपला शब्द प्रमाण मानून सातासमुद्रापलीकडून त्या रानात उतरेल, हे त्यांना कोठून ठाऊक असणार? जो आपल्याला कधी भेटणार नाही, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळावयाचे नाही, अशा माणसाशीही आपले काही नाते आहे, हे त्या लिहिण्यात गृहीत धरलेले असते. आणि मागून येणारा ते वाचतो तेव्हा तो त्या नात्याचा स्वीकार करतो. शेजाऱ्यांनी वही दाखवली ती कायद्याच्या भीतीने नव्हे. मेलेल्या माणसाने खरे सांगितलेले आपण खोटे पाडावयाचे नाही, या भावनेने दाखवली. पितृऋण म्हणतात ते हेच असावे. ते फेडण्यासाठी दर वेळी पिंड द्यावे लागत नाहीत.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, आणि ती तितकी गोड नाही. त्या खऱ्या चिठ्ठ्या ज्या पाखरांच्या पायांना बांधल्या, ती पाखरे चिठ्ठी लिहिणाऱ्यांनीच मारली होती. ब्याऐंशी हजारांच्या संग्रहामागे किती बंदुका झडल्या असतील! त्या चिठ्ठीवर ‘मी मिळवला’ म्हणून साहेबाचे नाव असते; पण रानाची वाट दाखवणारा, झाडावर चढणारा, कातडे सोलताना बोटे चिरून घेणारा जो असेल, त्याचे नाव बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते. म्हणजे चिठ्ठी खरी असूनही पुरती नसते. खरे लिहिणे आणि सगळे लिहिणे यांत अंतर असते, आणि त्या अंतरात पुष्कळ गरीब माणसे नाहीशी झालेली असतात.

ह्यूमसाहेबांना यातली पहिली बाजू पुढे जाणवली. थिऑसफीच्या नादाने का होईना, त्यांनी मांसाहार सोडला आणि संग्रहासाठी पाखरे मारणेही सोडले. पुढे ते वनस्पतींकडे वळले आणि १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्थापून १९१२ मध्ये निवर्तले. मारलेली पाखरे काही त्यामुळे उठून उडाली नाहीत. पण मला त्या माणसाविषयी आदर वाटतो तो एवढ्यासाठी, की आपण केले ते पुण्यच होते असे सिद्ध करीत तो बसला नाही. संग्रह त्याने जाळला नाही, लपवला नाही, चिठ्ठ्यांसकट जिथे तो कामी येईल तिथे पोचवला, आणि स्वतः बंदूक खाली ठेवली. मागच्या पिढीने ज्या मार्गाने ज्ञान मिळवले तो मार्ग सोडावा आणि मिळालेले ज्ञान मात्र जपावे, यात विसंगती नाही. १९९७ मध्ये शहाद्याला गेलेल्या तिघांनी रानपिंगळा पाहिला आणि त्याची छायाचित्रे घेतली. ओळख पटवण्यासाठी त्याला मारण्याची गरज त्यांना पडली नाही. आधीच्या सातांनी ती किंमत भरून ठेवली होती.

त्यानंतर रानपिंगळा मेळघाटात सापडला, मध्य प्रदेशात सापडला. २०१४ मध्ये तर तो आमच्या बाजूला, तानसाच्या अभयारण्यात दिसला. ज्या तलावाचे पाणी मुंबईला जाते त्याच्या काठचे ते रान. सोनिवलीपासून उत्तरेचे ते डोंगर काही फार दूर नाहीत. इतकी वर्षे तो तिथे होता की नव्हता, कोण सांगणार? पाहणाऱ्याजवळ आता खरी ओळख होती म्हणून तो ओळखू आला, एवढे खरे.

आपण सारे काही पाखरे भरीत नाही. पण चिठ्ठ्या आपण रोजच लिहीत असतो. मुलाच्या जन्माची तारीख लिहितो, फोटोच्या पाठीमागे नावे लिहितो, कोणाविषयी ‘हा माणूस असा’ म्हणून चारचौघांत सांगतो. घरातल्या पोरांना ‘तुमचे आजोबा असे होते’ म्हणून गोष्टी सांगतो, आणि सांगताना थोडी शिवण उसवून, थोडा कापूस बदलून, त्यांना हवे तसे भरावयाचा मोह आपल्याला होतो. या दिवाळीत चार पिढ्या एकत्र बसतील तेव्हा अशा गोष्टी निघतीलच. त्या रंगवून सांगाव्यात. सणाला थोडा रंग शोभतो. पण गावाचे नाव आणि माणसाचे नाव तेवढे खरे असावे. वाट दाखवणाऱ्याचे, वाढणाऱ्याचे, राबणाऱ्याचे नाव गाळू नये. ऐकणाऱ्या पोरांतले एखादे, आपण नसताना, त्या नावाच्या मागोमाग कोणाला तरी शोधीत जाईल. तिथे त्याला कोणी भेटावे, यासाठी आज आपल्याला करता येण्याजोगे एवढेच आहे.